अंगरखा जुना, आतला माणूस आजचा

कर्जतचा एन. डी. स्टुडिओ असे सगळे म्हणतात. खरे तर तो कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्यावर, खालापूर तालुक्यात आहे. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी 2005 साली तो उभारला आणि पुढची कित्येक वर्षे पडद्यावरचा बराचसा इतिहास याच माळावर उभा राहिला. ‘जोधा अकबर’साठी इथे आग्र्याचा किल्ला उठला, ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेसाठी शिवकाळ आणि ‘पानिपत’साठी शनिवारवाडा. देसाई 2023 मध्ये गेले. पण नेपथ्यावर जीव ओतायचा, महिरप मोगली की मराठी, पगडी कोणत्या पिढीची याची आधी चौकशी करायची, ही सवय ते या धंद्याला लावून गेले. डोळ्यांना दिसणाऱ्या इतिहासाबाबत आता प्रेक्षकही डोळस झाला आहे. एखादी चूक दिसली की दुसऱ्या दिवशी तिची चर्चा होते. मात्र त्या देखण्या दरवाजातून आत आलेला मावळा बोलू लागला की सगळ्यांची सावधगिरी गळून पडते. तो कोणती भाषा बोलतो याकडे निदान थोडे लक्ष जाते. तो काय मानतो, कशाला भितो, कशाची लाज बाळगतो, याची चौकशी जवळजवळ कोणीच करत नाही.

ऐतिहासिक कादंबरी, नाटक किंवा मालिका यांच्याविषयीची नेहमीची तक्रार शब्दांची असते. पेशव्यांच्या माजघरात कोणी चहा विचारला, सतराव्या शतकातल्या सरदाराने घड्याळी मिनिटांचा हिशेब सांगितला, की जाणकार हसतात. हसू द्यावे, त्यात काही बिघडत नाही. पण हे जाणकार ज्याला जुनी भाषा समजतात, ती तरी कितीशी जुनी आहे? वि. का. राजवाडे यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजून दाखवले होते. 1628 च्या एका पत्रात शेकडा 85 च्या आसपास शब्द फारसी-अरबी वळणाचे निघाले. शंभर वर्षांनंतरच्या, 1728 च्या पत्रात हेच प्रमाण शेकडा सहा-सातवर आले. मधल्या काळात शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या शेकडो फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. म्हणजे 1650-60 च्या सुमारास मावळातल्या कारकुनाच्या लेखणीत जी मराठी होती, ती आजच्या मालिकेतल्या तुपाळ, संस्कृतप्रचुर, प्रत्येक वाक्याला ‘जी’ लावणाऱ्या मराठीपेक्षा फारच वेगळी होती. आपण ज्या भाषेला शिवकालीन म्हणतो, ती बरीचशी विसाव्या शतकातल्या कादंबरीकारांनी आणि नाटककारांनी घडवली. चांगली घडवली, कानाला गोड लागेल अशी घडवली. पण ती घडवलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

अस्सल आवाज ऐकायचाच असेल तर राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणकडच्या छावणीला गेलेले महाराजांचे पत्र पाहावे. पावसाळा तोंडावर आहे, घोडदळाला चार महिने एका जागी काढायचे आहेत आणि राजाला काळजी कशाची? दाणा-वैरण आताच उधळली तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, याची. मग लोक कुणब्यांच्या घरी शिरतील, कुणाचा दाणा, कुणाची भाजी उचलतील, आणि रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल परवडले. पुढे आणखी बारीक सूचना आहे. रात्री दिवे जळत ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि गवत गेले की घोडी गेली. हा उंदीर कोणत्याही आधुनिक लेखकाला सुचला नसता. या पत्रात प्रजाहितावर व्याख्यान नाही, लोककल्याणकारी राज्याची घोषणा नाही. खर्च आणि धोका ओळखणारा, हाताखालच्या माणसांचा स्वभाव पुरता ठाऊक असलेला धनी इथे बोलतो आहे. आजच्या लेखणीतून हेच पत्र उतरले की उंदीर गळतो आणि त्या जागी भाषण येते. व्यवस्थापनशास्त्रावरच्या पुस्तकांत तर त्याचा ‘संसाधनांचे नियोजन’ असा धडाच होतो.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. मराठी ऐतिहासिक ललितलेखनात कालविपर्यास शब्दांत कमी आणि मनांत जास्त आहे, आणि बनवलेली जुनी भाषा त्या मनांवर पांघरूण घालते. ‘आज्ञा व्हावी’, ‘मुजरा असो’ अशी चार पदे कानावर पडली की ऐकणाऱ्याची खात्री पटते की हे त्या काळचे आहे. मग त्याच तोंडून तो माणूस राष्ट्र, स्वातंत्र्य, समता, स्त्रीचा सन्मान यांवर आजच्या संपादकीयासारखे बोलला तरी खटकत नाही. उलट आपले आजचे मत साडेतीनशे वर्षांपूर्वीच कोणीतरी मांडून ठेवले होते, या समाधानाने ऊर भरून येतो.

स्टुडिओ ज्या खालापूर तालुक्यात आहे, तिथेच घडलेला एक प्रसंग घेऊ. फेब्रुवारी 1661 मध्ये शाइस्ताखानाने कर्तलबखानाला कोकणात धाडले. लोणावळ्याच्या बाजूने घाट उतरून तो खालापूरच्या दाट रानात, आज चावणी गावाजवळ असलेल्या उंबरखिंडीत आला आणि अडकला. पुढे-मागे वाट बंद, पाणी नाही, झाडीत दडलेले मावळे. खानाने शरणागती पत्करली, खंडणी दिली आणि जीव वाचवून तो परतला. या लढाईचे सविस्तर वर्णन कवींद्र परमानंदाच्या संस्कृत ‘शिवभारता’त आहे आणि त्यात एक व्यक्तिरेखा लक्षात राहते, रायबागन. माहूरच्या देशमुख घराण्यातली ही विधवा मोगलांच्या बाजूने त्या सैन्यात होती, आणि या रानात येऊन आपण फसलो, आता शिवाजीला शरण जा, हा सल्ला परमानंद तिच्याच तोंडी घालतो. आजच्या लेखकाला ही बाई पेलत नाही. ती मराठी मुलखातली, हिंदू आणि पराक्रमी. मग मोगलांकडे कशी? तिच्यासाठी दोनच साचे तयार असतात. एकात ती गद्दार ठरते. दुसऱ्यात ती चुकीच्या गोटात सापडलेली वीरांगना होते. महाराजांपुढे येताच तिचे डोळे उघडतात आणि स्वराज्याचा अर्थ कळल्याचे ती पाणावल्या डोळ्यांनी सांगते.

तिसरी शक्यता सगळ्यांत सोपी आहे आणि सगळ्यांत कमी लिहिली जाते. रायबागनच्या लेखी तिची बाजू अजिबात चुकीची नव्हती. वतन कोणाकडून चालत आले, नवऱ्याला आणि मुलाला मनसब कोणी दिली, कोणाचे मीठ खाल्ले, हे त्या जगात माणसाच्या अब्रूचे मुख्य प्रश्न होते. निमकहराम ही त्या काळातली जबरदस्त शिवी होती आणि ती सगळ्याच छावण्यांत चालत होती. खुद्द शहाजीराजांनी निजामशाही, मोगल आणि आदिलशाही अशा तिन्ही चाकऱ्या केल्या होत्या. रायबागनने शरणागतीचा सल्ला दिला तो हृदयपरिवर्तन झाले म्हणून दिला नाही. लष्करी परिस्थिती तिला खानापेक्षा लवकर कळली म्हणून दिला. ती पराभूत बाजूची सगळ्यांत शहाणी माणूस होती. एवढी तयार व्यक्तिरेखा आयती हाती असताना तिला गद्दार किंवा पश्चात्तापदग्ध करून टाकणे हा इतिहासापेक्षाही साहित्याचा तोटा आहे. शिवाय त्याने महाराजांचे यशही लहान होते. ज्या जगात निष्ठा घराण्याला आणि धन्याला वाहिलेली असते, तिथे देशमुखांच्या आणि वतनदारांच्या विरोधातून नवे राज्य उभे करणे किती अवघड असेल, हे ती निष्ठा खरी मानल्याशिवाय कळत नाही. समोरचे सगळे मनातून आपलेच असतील तर जिंकले काय?

स्टुडिओच्या शेजारचे चौक हे नेताजी पालकरांचे गाव म्हणून ओळखले जाते. नेताजींची गोष्ट तर आजच्या मनाला याहून अवघड. महाराजांचा सरनोबत, लोक ज्याला प्रतिशिवाजी म्हणत, तो 1666 मध्ये पन्हाळ्याच्या अपयशानंतर विजापूरकरांकडे गेला आणि तिथून मिर्झाराजे जयसिंगाकडे. महाराज आग्र्याहून निसटले तशी औरंगजेबाच्या हुकुमाने नेताजींना कैद झाली, 1667 मध्ये धर्मांतर झाले, मुहम्मद कुलीखान हे नाव मिळाले आणि कामगिरी मिळाली ती थेट काबूलकडे. नऊ-दहा वर्षांनी दिलेरखानाबरोबर ते दख्खनेत आले, महाराजांकडे परतले आणि जून 1676 मध्ये प्रायश्चित्त घेऊन पुन्हा हिंदू झाले. या कथेचे आज दोन लोकप्रिय अवतार आहेत. पहिल्यात नेताजींचे जाणे हाच मुळी महाराजांचा गुप्त बेत असतो, म्हणजे निष्ठेला कुठे ओरखडा नाही. दुसऱ्यात त्यांचे परतणे आजच्या प्रचारसभेतल्या विजयासारखे साजरे होते, किंवा लेखक उदारमतवादी असेल तर धर्मस्वातंत्र्यावर एक प्रवेश रंगतो.

त्या वेळच्या माणसाला यातला कुठला प्रश्न पडला असता? शकावलीत जी नोंद उरली आहे ती प्रायश्चित्ताची आणि शुद्ध झाल्याची आहे. दहा वर्षे परक्या आचाराने राहिलेल्या माणसाला कोणता विधी लागतो, तो कोण सांगतो, तो झाल्यावर भाऊबंद त्याच्या पंक्तीला बसतात का, सोयरीक करतात का, हे त्या समाजाचे खरे प्रश्न होते. महाराजांची ताकद इथे दिसते. विधी करवणे राजाच्या हाती होते. पंक्तीला बसवणे तितकेसे नव्हते, तरी त्यांनी ते ओझे अंगावर घेतले. चौकातल्या एखाद्या घरात त्या वर्षी जेवणाची पाने मांडली जाताना काय कुजबुज झाली असेल, याची कल्पना करणे हे कादंबरीकाराचे काम आहे. पण त्यासाठी विटाळ, पंक्ती आणि प्रायश्चित्त या गोष्टी त्याने पात्रांच्या मनात खऱ्या म्हणून ठेवायला हव्यात. पात्राने त्यांची टिंगल केली की ते पात्र 1676 मधून उठून आपल्या दिवाणखान्यात येऊन बसते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. कादंबरी म्हणजे दप्तर नव्हे. वाचक आजचा आहे, त्याला कळेल असेच लिहिले पाहिजे. भाषेपुरते हे मला पूर्ण मान्य आहे, किंबहुना मी एक पाऊल पुढे जाईन. जुनी भाषा मुळीच आणू नका. साध्या, आजच्या, स्वच्छ मराठीत लिहा. हिलरी मँटेल यांनी 2009 च्या ‘वुल्फ हॉल’मध्ये हेच केले. सोळाव्या शतकातला थॉमस क्रॉमवेल आजच्या कुणालाही समजेल अशा इंग्रजीत, वर्तमानकाळात बोलतो. पण पापाची भीती, राजाची मर्जी, प्लेगची धास्ती, यांबाबत तो आपल्यासारखा विचार करत नाही. त्यांनी शब्द आजचे घेतले आणि मन तेव्हाचे ठेवले. आपण नेमके उलटे करतो. शब्द साधे झाले की एक फायदा आपोआप होतो. भरजरी वाक्यांच्या आड विचार लपवायला जागा उरत नाही; पात्र काय बोलते ते लख्ख दिसते आणि ते त्या काळाचे आहे की नाही हे वाचकालाही तपासता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक पिढी आपला शिवाजी आपणच लिहिते, मग आजच्या पिढीनेच का लिहू नये? हरिभाऊ आपटे ‘उषःकाल’ लिहीत होते तेव्हा डोक्यावर इंग्रजांचे राज्य होते आणि ते पानापानांत जाणवते. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तले माधवराव आणि रमाबाई यांचे सहजीवन 1962 च्या मध्यमवर्गीय वाचकाला इतके जवळचे वाटले, यामागेही त्या वाचकाच्या मनातली दांपत्याची कल्पना होतीच. परमानंदही काही तटस्थ वार्ताहर नव्हता. तो दरबारचा कवी होता. हे सगळे खरे. पण या प्रथेतला सगळ्यांत धीट माणूस पाहा. जोतीराव फुले यांनी 1869 मध्ये शिवाजी महाराजांवर पवाडा रचला तेव्हा त्यांनी आपली बाजू लपवली नाही. आपण कुळवाड्यांच्या बाजूने बोलतो आहोत हे त्यांनी डंके की चोट सांगितले. वाचकाला समोर युक्तिवाद दिसतो आणि तो त्याला मान्य किंवा अमान्य करता येतो. आजची मालिका तोच युक्तिवाद सोळाशे-अमुक सालच्या पात्राच्या तोंडात घालते आणि वर म्हणते, हा इतिहास आहे. तक्रार मत असण्याची नाही. ते मत दुसऱ्याच्या सहीने खपवण्याची आहे.

तिसरा आक्षेप चांगल्या माणसांकडून येतो, म्हणून त्याला जास्त जागा दिली पाहिजे. ते म्हणतात, जुनी मने जशीच्या तशी दाखवायची तर जात, सती, गुलामगिरी यांना आपणच प्रतिष्ठा देत नाही का? मुलेही हे पाहतात. सतीचेच उदाहरण घेऊ. 1664 मध्ये शहाजीराजे गेले तेव्हा जिजाबाई सती जायला निघाल्या होत्या आणि महाराजांनी त्यांना अडवले, असे सभासदाची बखर सांगते. ती सांगते ती गोष्ट मोठी हृद्य आहे. मुलगा आईच्या मांडीवर बसतो, गळ्याला मिठी घालतो, शपथ घालतो, माझा पराक्रम पाहायला मग कोण उरेल म्हणून विनवतो. आपल्याकडे याच प्रसंगाचे सहज समाजसुधारकाचे भाषण होते. राजा सतीच्या रूढीवर तुटून पडतो, दरबार स्तब्ध होतो. आता पुढे 1680 कडे या. महाराज गेले आणि त्यांच्याच घरातल्या पुतळाबाई सती गेल्या. 1664 मध्ये त्या घराने रूढीच नाकारली असेल तर सोळा वर्षांनी हे कसे घडले? सुधारकी भाषण लिहिणाऱ्याकडे याचे उत्तर नाही. बखरीतल्या मुलाकडे आहे. त्याने रूढीशी भांडण मांडले नव्हते, त्याला आई हवी होती. आणि मला विचाराल तर आईच्या गळ्यात पडलेला तो राजा भाषण देणाऱ्या राजापेक्षा कितीतरी मोठा दिसतो.

जातीच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे ठरते. गडावरचा प्रत्येक सज्जन माणूस समतावादी दाखवायची एक रीत पडली आहे. शिवाशिव पाळतो तो फक्त खलनायक. महाराजांच्या सैन्यात अनेक जातींची माणसे होती, शौर्याला वाव होता, हे खरेच आहे. पण म्हणून पाणवठे एक झाले नव्हते. याच रायगड जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांना 1927 मध्ये सत्याग्रह करावा लागला आणि मार खावा लागला. सतराव्या शतकातच सगळे समतेने नांदत असतील तर मग महाडला काय घडले आणि ते कोणाविरुद्ध? गोड केलेला भूतकाळ ज्यांनी सोसले त्यांना खोटे पाडतो. कातकरी आणि ठाकर हे कर्जत-खालापूरच्या डोंगरातले जुने रहिवासी. उंबरखिंडीवरच्या एखाद्या चित्रपटात त्यांच्यापैकी कोणी वाटाड्या आला तर त्याच्या तोंडी ‘हे जंगल आमच्या हक्काचे’ असे वाक्य हमखास येईल. हक्काचा हा शब्दसंग्रह वनकायद्यांच्या नंतरचा आहे. राजाच्या फौजेला वाट दाखवताना त्याच्या मनात बक्षिसाची आशा असेल, वेठीची भीती असेल, वाघाची असेल. ती दाखवली म्हणजे तो लहान होत नाही.

मग आपण इतिहासाबद्दल इतके हळवे असूनही हे का चालते? कारण आपला पहारा मानाचा आहे, खऱ्याखोट्याचा नाही. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेल्या ‘छावा’ या हिंदी चित्रपटाची झलक 2025 च्या जानेवारीत आली आणि त्यात संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले, म्हणून गदारोळ झाला. दिग्दर्शकाने प्रसंग काढून टाकला. राजाने असे नाचणे शोभते का, हा वाद होता. त्या काळी होळीला, उत्सवाला राजघराण्यात काय चालत असे, हे साधनांतून पाहू या, असे म्हणणारा आवाज त्या गलक्यात क्षीण होता. पहारा असाच राहिला तर निर्मात्याला धडा एकच मिळतो: पात्रांना निर्दोष करा, त्यांना आजची सर्वमान्य मते द्या, म्हणजे मोर्चा येणार नाही. मनांचा कालविपर्यास हा असा पुष्कळदा भीतीतून येतो. त्यामुळे दोष एकट्या लेखकाच्या माथी मारता येत नाही. तो प्रेक्षकांत आणि पुढाऱ्यांत वाटावा लागतो.

काळ जवळचा असला तरी सुटका नाही. माथेरानला जन्मलेले भाई कोतवाल 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी धान्याच्या पेढ्या काढणारा, नाभिक समाजातून वर आलेला हा वकील पुढे आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडू लागला. त्याच्यावर लिहिणारा प्रत्येक जण शेवटच्या गोळीबारापाशी रेंगाळतो. धान्याची पेढी म्हणजे भाताचे मण, परतफेडीच्या अटी आणि कूळ-खोत-सावकार यांचे गुंते. तिथे घोषणा चालत नाही. म्हणून तो भाग दोन वाक्यांत उरकतो आणि माणूस हौतात्म्याच्या पोस्टरवर जाऊन बसतो. वास्तविक कर्ज फिटले नाही तर जमीन जाईल या भीतीने मान खाली घालून बसलेला 1940 चा कर्जतचा कुणबी, आणि त्याच्याशी बोलून त्याला विश्वासात घेणारा भाई, हा प्रवेश कोणत्याही गोळीबारापेक्षा लिहायला कठीण आहे.

प्रत्येक ऐतिहासिक मालिकेच्या सुरुवातीला एक पाटी झळकते, काही प्रसंगांत सर्जनशील स्वातंत्र्य घेतले आहे. ती इतक्या वेगाने सरकते की वाचून होत नाही, आणि स्वातंत्र्य कुठे घेतले हे तर ती कधीच सांगत नाही. कादंबरीच्या शेवटी दोन पानांची टीप द्यायला काय हरकत आहे? हा प्रसंग बखरीतला, हा माझा. हे पात्र खरे, याचे बोलणे माझे. साधने इथे गप्प आहेत म्हणून मी ही कल्पना केली. ना. सं. इनामदारांपासून विश्वास पाटलांपर्यंतच्या कादंबरीकारांनी साधने धुंडाळण्यात वर्षे घालवली आहेत, तेव्हा अशी दोन पाने लिहिणे त्यांच्या परंपरेला जड जाऊ नये. मालिकावाल्यांनी निदान संकेतस्थळावर भागवार नोंदी द्याव्यात. खिळा कुठला आणि महिरप कुठली याचे कागद नेपथ्यकाराकडे असतातच. संवादलेखकाकडेही तसे कागद मागायला सुरुवात करावी.